शके १५५१ चें एक बाळंतपण : सिंदखेडकर जाधवांची लेक व दुष्काळांतील संगोपन

बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें गांव इतिहासभक्तांच्या नित्य परिचयाचें आहे. लखुजी जाधवराव यांच्या वाड्यांत जिजाबाईंचा जन्म झाला, तो वाडा तेथें दाखवितात. आणि त्याच लखुजींची भव्य समाधि तेथेंच उभी आहे. बापाची समाधि व लेकीचें जन्मस्थान असें हें एकाच गांवांतलें जोडस्मारक होय. येणारे-जाणारे दोन्ही ठिकाणीं नमस्कार करून परततात. परंतु लखुजींचा वध व जिजाबाईंचें बाळंतपण या दोन गोष्टींमध्यें किती दिवसांचें अंतर होतें, हें मोजून पाहण्याचें फार थोड्यांच्या मनांत येतें. प्रस्तुत लेखांत तें अंतर मोजून, त्यावरून बालसंगोपनाच्या इतिहासाविषयीं जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिवजन्माच्या शकाचा वाद आतां जुना झाला. शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया (इ. स. १६२७) ही तिथि बखरींच्या आधारें चालत आली होती. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली व तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया ही तिथि निघाली. पुढें कवींद्र परमानंदाच्या शिवभारतानें तिला दुजोरा दिला. सदाशिव महादेव दिवेकर यांनीं तें काव्य १९२७ सालीं भाषांतरासह छापिलें. जोधपुराकडील जन्मकुंडलीनें त्यांत आणखी भर घातली, आणि २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस मान्य केला. या वादांत उभय पक्षांनीं पुष्कळ शाई खर्चिली, पण ती सर्व राजाच्या आयुष्याचीं वर्षें मोजण्यासाठीं. पन्नास वर्षांच्या पराक्रमी पुरुषाच्या चरित्रांत तीन वर्षें इकडेतिकडे झालीं तर चरित्रकाराचें फारसें अडत नाहीं. तान्ह्या मुलाची गोष्ट निराळी. वैशाख १५४९ धरला तर लखुजींच्या वधाच्या वेळीं मूल सव्वादोन वर्षांचें, चालतें-बोलतें. पुढच्या वर्षीं पाऊस गेला तेव्हां तें तीन वर्षें ओलांडलेलें, भाकरी खाणारें. फाल्गुन १५५१ धरला तर वधाच्या वेळीं तें आईच्या उदरांत, व दुष्काळाच्या वेळीं अंगावर पिणारें. शक बदलला कीं आईची व बाळाची परिस्थितिच बदलते.

जेधे शकावलीवरून निजामशाहानें लखुजींस दौलताबादेस मारिलें तो दिवस शके १५५१ ची श्रावण पौर्णिमा, म्हणजे २५ जुलै १६२९, असा ठरतो. त्यांच्याबरोबर अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू इतके पडले. जिजाबाईंचें माहेर एका दिवसांत ओस पडलें. श्रावण पौर्णिमा ते फाल्गुन वद्य तृतीया हे सात महिने व तीन तिथि. इंग्रजी तारखांनीं मोजल्यास २०९ दिवस होतात. पुऱ्या दिवसांचें बाळंतपण धरलें तर वधाच्या वेळीं गर्भ सुमारें दोन महिन्यांचा होता. उत्तरकालीन बखरींत एक हृदयंगम प्रसंग आहे. लखुजी जांवयाचा पाठलाग करीत येतात, वाटेंत मागें राहिलेली सात महिन्यांची गरोदर लेक भेटते, तिला ते माहेरीं चल म्हणतात व ती बाणेदारपणें नाकारते. जन्मशक १५५१ ठरतांच या प्रसंगाला जागाच उरत नाहीं. लेकीस सातवा महिना लागला त्या वेळीं बाप वारून बरेच महिने लोटले होते. नाटककारांना हा प्रसंग सोडवणार नाहीं हें आम्ही जाणतों. पण संशोधकांनीं तो सोडला पाहिजे.

वैद्यकाच्या पोथ्या ज्यांच्या संग्रहांत आहेत त्यांनीं चरकसंहितेच्या शारीरस्थानाचा आठवा अध्याय या दृष्टीनें पुन्हां उघडावा. गर्भिणी कोणत्या वृत्तीची असली म्हणजे अपत्य कसें निपजतें हें सांगतांना, नित्य शोकांत असलेल्या स्त्रीचें मूल भित्रें, कृश किंवा अल्पायुषी होतें, असें तेथें म्हटलें आहे. त्याच अध्यायांत पुढें बाळाची खोली, म्हणजे कुमारागार, कसें असावें याचें वर्णन आहे. खेळणीं रंगीत, आवाज करणारीं, हलकीं असावीं, त्यांस टोंक नसावें, तीं तोंडांत जाण्याजोगीं लहान नसावींत. आणि रडणाऱ्या मुलास राक्षस-पिशाचांचीं नांवें घेऊन भिववूं नये, हेंहि तेथेंच आहे. नेपाळांतील पोथीवरून १९३८ सालीं छापून निघालेल्या काश्यपसंहितेंत तर बालचिकित्सा हाच मुख्य विषय असून दाईच्या गुणदोषांचा विचार विस्तारानें केला आहे. म्हणजे गर्भावस्थेंतील दुःखाचा परिणाम व जन्मानंतरच्या व्यवस्थेचा परिणाम, हे दोन्ही विचार आमच्याकडे फार जुने आहेत. चरकाचें पहिलें विधान शिवचरित्रास लावावें तर तें सपशेल खोटें पडतें. भित्रेपणाचा आरोप महाराजांवर त्यांच्या शत्रूंनींहि केला नाहीं. दुसरें विधान लावून पाहिलें म्हणजे मात्र कांहीं अर्थ निघूं लागतो.

त्यापूर्वीं दुष्काळाचें मान ध्यानांत घेतलें पाहिजे. अब्दुल हमीद लाहोरीच्या बादशाहनाम्यांत इ. स. १६३० च्या अवर्षणाची हकीकत आहे. बालाघाटांत पाऊस मुळींच पडला नाहीं व दौलताबादेच्या आसपास तर अनर्थ झाला, असें तो लिहितो. माणसें भाकरीच्या तुकड्यासाठीं स्वतःस विकावयास निघालीं तरी घेणारा मिळेना, आणि पोटच्या मुलाच्या मायेपेक्षां त्याच्या मांसाची ओढ अधिक झाली, इतपर्यंत त्याचें वर्णन जातें. दरबारी लेखकाची अतिशयोक्ति वजा केली तरी उरतें तें थोडें नाहीं. आतां हा बालाघाट म्हणजे कांहीं दूरचा मुलूख नव्हे. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा दक्षिण भाग, चिखली-मेहकर-सिंदखेडाचें पठार, हा वऱ्हाडचा बालाघाटच होय, व जालन्याकडून दौलताबादेस जाणारी वाट सिंदखेडास जवळची. तेव्हां जिजाबाईंचें माहेर नुसतें तलवारीनेंच नव्हे, तर लगोलग अवर्षणानेंहि उद्ध्वस्त झाले.

बालवैद्यक अलीकडे एका मुदतीवर फार भर देतें. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे सुमारें एक हजार दिवस हे शरीराच्या व मेंदूच्या वाढीचे पायाचे दिवस होत, असें तें मानतें. १९ फेब्रुवारी १६३० पासून मागें-पुढें मोजलें तर हे हजार दिवस मे १६२९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी १६३२ पर्यंत येतात. त्यांच्या आरंभींच्या दोन महिन्यांनंतर वध, आणि उत्तरार्ध संबंध दुष्काळाचा. महाराष्ट्र शासनानें २००५ सालीं कुपोषणाच्या निवारणार्थ जें मिशन स्थापिलें त्याला राजमाता जिजाऊ यांचें नांव दिलें, व पुढें त्याच हजार दिवसांवर त्याचा कटाक्ष राहिला. नांव देणाऱ्यांच्या मनांत शिवरायांची थोर माता एवढेंच असावें. परंतु ही गणना पाहतां तें नांव अधिक यथार्थ आहे. त्या मातेचे ते हजार दिवस खरोखरीच दुष्काळाचे होते.

मग बाळ निभावलें कसें? येथें प्रथम जागेचा विचार करावा लागतो. शिवनेरीचीं टांकीं खडकांत कोरलेलीं आहेत. गंगा-जमुना टांक्यांचें पाणी उन्हाळ्यांतहि आटत नाहीं. वर अंबरखाना, म्हणजे धान्याचें कोठार. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य पुढें चाळीसहून अधिक वर्षांनीं, किल्ला मोंगलांकडे असतांना, जुन्नरास आला होता. हजार कुटुंबांस सात वर्षें पुरेल असा सांठा गडावर असल्याचें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याच्या काळचा सांठा १६३० सालास लावणें गैर होईल, हें खरें. तथापि असा सांठा ठेवण्याजोगा हा गड होता, एवढें त्यावरून धरण्यास हरकत नाहीं. खालीं पुण्याच्या जहागिरीची अवस्था पाहावी: मुरार जगदेवानें पुणें जाळून त्यावर गाढवाचा नांगर फिरविल्याची गोष्ट याच सुमाराची. शहाजीराजे कधीं निजामशाहींत, कधीं मोंगलांकडे, असे घोड्यावरच होते. म्हणजे मैदानांत घर नाहीं, माहेर नाहीं, नवरा जवळ नाहीं. अशा बाईस गडावर आश्रय मिळाला तो सोयरिकीमुळें. शिवभारताप्रमाणें थोरल्या संभाजीचा विवाह शिवनेरीच्या विश्वासराव घराण्यांतील जयंती हिच्याशीं झाला होता. व्याह्याचें घर, पाण्याचीं टांकीं व भरलेलें कोठार या तीन गोष्टींवर तें बाळंतपण पार पडलें.

आम्ही हें मुद्दाम लांबवून लिहीत आहों. जिजाबाईंनीं बाळास रामायण-महाभारतांतल्या कथा सांगितल्या, संस्कार केले, हें प्रत्येक शालेय पुस्तकांत आहे, आणि तें असावेंहि. परंतु कथा पांच-सहा वर्षांच्या मुलास सांगतात. त्यापूर्वीं जें मूल वांचावें लागतें, अंगानें भरावें लागतें, आणि ज्याला रोज तेंच तोंड दिसावें लागतें, त्याचें काय? शिवभारतांत जिजाबाईंस सहा पुत्र झाल्याचें सांगून त्यांतले शंभु व शिव एवढेच वंश चालविणारे म्हटले आहेत. सरदाराच्या घरची ही स्थिति. मग कुणब्याच्या झोपडींतली काय असेल? त्याच काव्यांत शिवरायांच्या बाळलीलांचेंहि वर्णन आहे, पण तें काव्यसंकेतास धरून असल्यानें पुरावा म्हणून त्याचा उपयोग बेतानेंच केला पाहिजे.

अन्न व आपुलकी या दोहोंपैकीं कशाचें काय होतें, हें गेल्या शतकांत इतरत्र घडलेल्या दोन आपत्तींवरून बरेंच समजलें आहे. १९४४–४५ च्या हिंवाळ्यांत जर्मनांनीं हॉलंडचा पश्चिम भाग उपाशी मारला. त्या उपासमारींत गर्भांत असलेल्या मुलग्यांची एकोणिसाव्या वर्षीं सैन्यभरतीच्या वेळीं परीक्षा झाली, तेव्हां बुद्धीच्या मानांत उणीव दिसली नाहीं. पुढें मात्र गर्भारंभीं उपासमार सोसलेल्यांत छिन्नमनस्कतेचें प्रमाण अधिक आढळलें. दुसरी गोष्ट रुमानियाची. तेथील अनाथगृहांत मुलांस अन्नवस्त्र मिळे, पण एकेका दाईकडे पुष्कळ मुलें आणि दाया पाळीपाळीनें बदलत. बुखारेस्ट येथें २००० सालानंतर १३६ मुलांची पाहणी सुरू झाली; चिठ्ठ्या टाकून कांहीं मुलांस कुटुंबांत ठेविलें, कांहीं अनाथगृहांतच राहिलीं. कुटुंबांत गेलेलीं, व त्यांतहि दोन वर्षांच्या आंत गेलेलीं, बुद्धीनें व जिव्हाळ्यानें उजवीं ठरलीं. आपल्या पुण्याजवळच्या सहा खेड्यांत के. ई. एम. रुग्णालयानें १९९३ पासून गरोदर स्त्रियांची पाहणी केली, तींत बाळाच्या जन्माच्या वेळच्या आकाराचा संबंध नुसत्या पोटभर अन्नापेक्षां पालेभाजी, दूध व फळें यांशीं अधिक आढळला. यावरून शिवनेरीवर काय घडलें हें सिद्ध होत नाहीं, व तसा आमचा दावाहि नाहीं. परंतु कोणते प्रश्न विचारावे हें त्यावरून कळतें: गडावर दुभतें होतें काय, बाळाजवळ कायम कोण होतें, आईस आधार कोणाचा होता.

तुलनेसाठीं दुसरें एक बाळंतपण पाहण्यासारखें आहे, कारण त्याचीं आरंभींचीं लक्षणें विलक्षण जुळतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनीं त्यांस पुरंदरावर नेलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले. खून व जन्म यांत २३१ दिवस. पुन्हां शोकाकुल स्त्री, पुन्हां किल्ला. गंगाबाईंस दूध कमी पडल्यास सोय असावी म्हणून आणखी कांहीं गरोदर ब्राह्मण स्त्रिया गडावर ठेविल्या होत्या, असें ग्रँट डफ सांगतो, आणि त्याबरोबर मुलगी झाल्यास अदलाबदल करण्याचा हेतु असल्याची वदंताहि देतो. राजकारण पाळण्यापर्यंत कसें पोंचतें याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण. या बाळास दुधाची, दायांची, पहाऱ्याची कशाचीहि वाण नव्हती. परंतु चाळीस दिवसांचें होतांच तें पेशवा झालें. चौथ्या वर्षीं, १७७७ सालीं, आई गेली. जिनें नंतर सांभाळिलें ती सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई १७८३ सालीं गेली. उरले नाना फडणीस व त्यांची करडी देखरेख. ऑक्टोबर १७९५ मध्यें, एकविसाव्या वर्षीं, शनिवारवाड्याच्या सज्जावरून पडून त्यांचा अंत झाला. उडी कीं तोल, हा वाद येथें नको. एका बाळास जवळचीं माणसें टिकलीं, दुसऱ्यास धान्य व पहारे टिकले, इतका फरक मात्र कागदोपत्रीं स्पष्ट आहे.

असो. सिंदखेडाकडे वळूं. दौलताबादेच्या कत्तलींतून लखुजींची पत्नी गिरजाई निसटून सिंदखेडास आली व उरलेलें कुटुंब मोंगलांच्या आश्रयास गेलें, असें बादशाहनाम्यावरून दिसतें. म्हणजे त्याच जाधवकुळांतील कांहीं लेंकरें त्याच दोन वर्षांत बालाघाटांतल्या गढींत वाढत होतीं, जेथें पावसाचा थेंब नव्हता. मोती तलाव, चांदणी तलाव व पुतळा बारव हीं सिंदखेडचीं जलस्थानें पाहतांना आम्हांस नेहमीं या लेंकरांची आठवण होते. त्यांपैकीं अचलोजींच्या मुलाची गोष्ट जाधवांच्या घराण्यांत परंपरेनें सांगतात. बाप दौलताबादेस मारला गेल्यावर त्याचा पुत्र संताजी यास आत्या जिजाबाईंनीं आपल्याजवळ वाढविलें. तो थोरल्या संभाजीराजांबरोबर कनकगिरीस पडला. त्याचा पुत्र शंभुसिंह पन्हाळ्याच्या सुमारास कामास आला. आणि त्याचा पुत्र तो सेनापति धनाजी जाधव. परंपरेंतला हरएक दुवा समकालीन कागदानें पक्का झाल्यावांचून तिला इतिहास म्हणतां येणार नाहीं. परंतु ती खरी असेल तर तीन पिढ्या बापावेगळीं झालेलीं मुलें भोसल्यांच्या घरानें पोसलीं, आणि त्या पोसण्यांतून मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा सेनापति निघाला, असा तिचा अर्थ होतो.

अशा परंपरांचा निकाल लावणारे कागद कोणते? येथें आमच्या संग्राहक मित्रांशीं आमचें थोडें भांडण आहे. फर्मान, सनद, मोर्तबाचें पत्र हातीं आलें कीं तें रेशमांत गुंडाळून ठेवितात. कोठीचा झाडा, दुभत्याचा हिशेब, बारशाची यादी, दाईस दिलेल्या लुगड्या-चोळीचा खर्च हे रद्दींत जातात. संभाजीमहाराजांस दूध पाजणारी कापूरहोळची धाराऊ गाडे हिचें नांव आज महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे, तें तिच्या घराण्यानें आठवण जपली म्हणून. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजीं राजगडावर वारल्या त्या वेळीं मूल सव्वादोन वर्षांचें होतें. त्याला दुधाची आई व आजी अशा दोघी होत्या, म्हणून तें पोरकें झालें नाहीं. अशा दायांचीं नांवें ज्या चिटोऱ्यांवर आहेत तीं चिटोरीं वऱ्हाडांतील देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत अद्याप असण्याचा संभव आहे. देऊळगांव राजा, मेहकर, चिखली, जळगांव जामोद येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर ज्यांचा हात पोंचतो त्यांनीं सनदेबरोबर हे हिशेबहि उचलावे.

आणि सतराव्या शतकाचे कागद न मिळाले तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे मिळतील. १८९६–९७ व १८९९–१९०० हे दोन दुष्काळ वऱ्हाडावरून गेले. १९०१ च्या खानेसुमारींत तेव्हांच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांत ती शेंकडा १२ नें घटली होती. दुष्काळांत प्रथम दगावतें तें अंगावरचें मूल, कारण आईचें दूध आटतें व वरचें दूध मिळत नाहीं. या वर्षांचीं गांवोगांवचीं जन्ममृत्यूचीं पुस्तकें, ज्यांस आमच्याकडे कोतवाल बुक म्हणतात, तहसिलीच्या अभिलेखागारांत आहेत. अलीकडे जातीच्या दाखल्यासाठीं लोक तीं उघडतात, आणि २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधांत तर हजारों पानें उलटलीं गेलीं. उलटणारा बोट फिरवितो तें जातीच्या रकान्यावरून. शेजारींच मरणाऱ्याच्या वयाचा रकाना आहे. मेहकर तालुक्यांतील एखाद्या गांवच्या पुस्तकांतून १८९९ च्या पावसाळ्यापासून १९०० च्या अखेरपर्यंतचीं दोन वर्षांच्या आंतलीं मरणें कोणी महिनावार उतरून काढलीं, तर बालाघाटांत पाऊस गेला म्हणजे पाळण्यांत काय होतें, हें लाहोरीच्या अलंकारावांचून समजेल. पानें ठिसूळ झालीं आहेत व शाई फिकी पडत चालली आहे; ज्यांना मोडी व बाळबोध दोन्ही लागतात अशांनीं हें काम येत्या उन्हाळ्यांतच हातीं घ्यावें. अशी एखादी उतारपत्रिका आमच्याकडे आल्यास ती या त्रैमासिकांत अवश्य छापूं.